छातीतल्या शिट्टीची नोंद

३ जुलै

ती. आत्या,

पाया पडते, पण लांबूनच, कारण सध्या वाकलं की श्वास लागतो. लगेच घाबरू नकोस. पुढचं वाच आणि मग काय ते घाबर.

गेल्या आठवड्यात मंगळवारी दुपारी छापखान्यात बाइंडिंगच्या खोलीत उभी होते. आमच्या मुख्य बाई निवृत्त झाल्यापासून ते खातं माझ्या गळ्यात पडलंय, हे तुला मागे लिहिलंच होतं. समोर शाळेच्या पुस्तकांचे ढीग होते, शिवून झालेले आणि पुठ्ठा चढायची वाट बघणारे. मालकांनी दारातून डोकं आत घातलं आणि विचारलं, दहा ऑगस्टला सगळं निघेल ना. मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि हवा आत जाईचना. छाती आवळली, बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले. वाटलं, आता इथेच, या पुठ्ठ्यांवरच आटोपणार आपलं. खळ लावणारे आमचे म्हातारे काका (सगळे त्यांना खळकाका म्हणतात) धावत आले आणि त्यांनी मला खिडकीशी बसवलं. पंधरा मिनिटांत सगळं ओसरलं. उरली ती लाज.

त्यानंतर दोनदा झालं. एकदा खोलीतच, आणि एकदा रविवारी घरी, चहाचा कप हातात असताना.

आत्या, हा दमाच ना? लहानपणी मी तुझ्या पाठीला कान लावून झोपायचे, आतली शिट्टी ऐकत. मला वाटायचं सगळ्यांच्याच आत्यांच्या पाठीत शिट्टी असते. तीच आता माझ्या वाट्याला आली असेल तर तसं सांग. तुझं सुरू झालं तेव्हा कसं झालं होतं? धुळीच्या खोलीत काम करायचं की सोडायचं? आत्ता कुठे खातं मिळालंय गं, आणि ते सोडायची वेळ आली तर मी काय करू, कळत नाही.

तुझी,
घुबड


११ जुलै
सुरुवात : दुपारी ४.०५

चि. घुबडा,

आशीर्वाद, आणि त्यावर दोन रट्टे. मंगळवारी श्वास अडकला आणि पत्र लिहायला पुढच्या आठवड्याचा गुरुवार उजाडला होय?

हे माझं अक्षर नाही हे कळलंच असेल. बोटांचे सांधे सुजलेत, पेन धरवत नाही. वरच्या मजल्यावर एक बाई राहायला आल्यात, एकतीस वर्षं कोर्टात टायपिस्ट होत्या. त्या आपलं मशीन घेऊन खाली येतात. मी बोलते, त्या बडवतात. सवय इतकी अंगात मुरलीय की वर सुरुवातीची वेळ घालतात आणि खाली शेवटची. मी म्हटलं, अहो, भाचीला पत्र आहे, जबानी नाही. तर म्हणाल्या, नोंद ती नोंद. मी सांगितलेलं सोडून स्वतःचं एक अक्षर घालत नाहीत. तू शिकायला हवंस त्यांच्याकडून, तू तर परीक्षेच्या पेपरातही स्वतःचं घालायचीस.

फोन करू नकोस, उपयोग नाही. तेहेतीस वर्षं लोकांचे फोन जोडले त्याची बक्षिसी म्हणून उजवा कान पार गेला आणि डावा निम्मा. जाड आवाजात कोणी कानाशी ओरडलं तर कळतं, बारीक आवाज मुळीच नाही. दाराची घंटा ऐकू येत नाही. टायपिस्टबाई दाराखालून वर्तमानपत्र सरकवतात, ते हलताना दिसलं की मी उठते. चहाची किटली शिट्टी घालून घालून कोरडी पडते. अगदीच अडलं तर टायपिस्टबाईंचा नंबर खाली देते, पण त्यांच्याशी गप्पा मारायला जाऊ नकोस, त्या त्याचीही वेळ लिहून ठेवतील.

आता तुझं. हा दमाच, दुसरं काही नाही. माझ्या वडिलांना होता, मला आहे, तुझ्या बापाला चुकवून तो तुझ्याकडे आलाय. कागदाची धूळ, ती खळ, बंद खिडक्या, आणखी काय हवं त्याला? तोंडाला फडकं बांधून काम कर. आणि या पार्सलात माझा निळा पंप पाठवतेय. श्वास अडला की हलवायचा, तोंडात धरायचा, दाबता दाबता आत ओढायचा आणि दहा आकडे होईपर्यंत सोडायचा नाही. माझ्याकडे एक जास्तीचा आहे, तेव्हा माझी काळजी नको.

काम सोडायचं मनातही आणू नकोस. मी छातीत शिट्टी घेऊन तेहेतीस वर्षं नोकरी केली. पलीकडचे लोक म्हणायचे, लाइनमध्ये खरखर आहे. मी म्हणायची, तक्रार नोंदवते.

तुझी आत्या

शेवट : ४.३०
(सांगणाऱ्यांना वाचायला दिले. बरोबर आहे असे सांगितले.)


२४ जुलै

ती. आत्या,

पंप पोचला आणि मी तो घेतला. आता पुढचं ऐक, आणि हसू नकोस.

शुक्रवारी पुन्हा तसंच झालं. तू सांगितलंस तसा पंप ओढला, एकदा, मग घाईघाईनं आणखी तीनदा. श्वास मोकळा होणं राहिलं बाजूला, काळीज असं धडधडायला लागलं की खळकाकांना माझ्या ब्लाउजवरून दिसत होतं म्हणे. माझी खात्रीच झाली की संपलं. खळकाकांनी मला उचलून थेट डॉक्टरांकडे नेलं, त्यांचे हात खळीचे, माझी बाही अजून कडक आहे.

डॉक्टरबाई वयानं माझ्याएवढ्याच. आधी दुसऱ्याचं औषध घेतल्याबद्दल झापलं. तो पंप काळीज धडधडवतो म्हणाल्या, आणि आधीच घाबरलेल्या माणसाला ते पुरेसं होतं. मग एका नळीत जोरात फुंकायला लावलं. नळीवरचा काटा भराभर वर गेला, म्हणजे श्वासाची वाट मोकळी म्हणे. पाठीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं. मग प्रश्न. एकदम येतं की हळूहळू वाढतं? एकदम. खोकला येतो? नाही. पहाटे जाग येते? नाही. हवा आत घेताना अडते की बाहेर सोडताना? मी विचार केला, आत. त्या म्हणाल्या, दम्यात बहुधा बाहेर सोडताना कष्ट पडतात. बोटांना मुंग्या, ओठ बधिर, आता मरणार असं वाटणं, दहा मिनिटांत शिगेला जाणं आणि आपोआप उतरणं, रविवारी धुळीशिवायही होणं, ही सगळी घाबरण्याच्या झटक्याची लक्षणं आहेत म्हणाल्या. महिनाभर नळी घरी नेऊन रोज फुंकायची आणि आकडा लिहायचा, म्हणजे धुळीचा संशय नक्की फिटेल.

आत्या, मला दमा नाही. मला भीती आहे. हे लिहिताना मला चोरून काहीतरी घेतल्यासारखं वाटतंय. दमा असता तर लोकांना सांगता आलं असतं, तुझ्यासारखं. हे कोणाला सांगू? मालकांनी तारीख विचारली की माझा श्वास बंद पडतो, असं?

पण बाईंनी मला हसू दिलं नाही आणि रडूही दिलं नाही. म्हणाल्या, त्रास खरा आहे, नाटक नाही. श्वास घेताना चारपर्यंत मोजायचं आणि सोडताना सहापर्यंत. सोडणं लांबवायचं. करून बघतेय. शाळेत बसून आकडे मोजणाऱ्या लहान मुलासारखी दिसते मी, पण उतरतं खरं.

तुला सोपी खूण सांगून ठेवते, म्हणजे तू पुन्हा पार्सलं पाठवणार नाहीस. छातीत शिट्टी वाजली तर दमा. नाही वाजली तर मनाचा खेळ.

पंप मी जपून ठेवलाय, येईन तेव्हा आणीन.

तुझी,
घुबड


५ ऑगस्ट
सुरुवात : दुपारी ४.१०

चि. घुबडा,

आशीर्वाद. खरं सांगू, पत्र वाचून आधी मला रागच आला. म्हटलं, कालची पोरगी नळी लावून सांगते की आमच्या घराण्याचा दमा हा दमा नाही. मग रात्रभर विचार केला, तेव्हा आठवलं. तू सात वर्षांची होतीस, शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकाशी तुझा श्वास अशाच रीतीनं अडला होता. मी तुला गरम पाणी पाजलं आणि पाठ चोळली, दमा समजून. तू माझ्या कमरेला मिठी मारलीस आणि तो थांबला. तेव्हाच कळायला हवं होतं. लाज कसली वाटून घेतेस? भीती वाटते ती काम मनावर घेतलंय म्हणून. ज्याला कशाचंच काही नाही त्याचा श्वास कशाला अडेल?

आता माझंही एक सांगते, हसू नकोस. मलाही ते तुझंच दुखणं लागलंय बहुतेक. पहाटे चारला छाती आवळून जाग येते, उठून बसावं लागतं. आधी वाटलं दमाच. पण तुझी खूण लावून बघितली. शिट्टी मुळीच नाही. मी कान देऊन ऐकलं, डावा कान. काही नाही. म्हणजे मनच. तुझी काळजी घेतली असणार मनानं. मग मीही चार आणि सहा मोजते. आपण दोघी दोन गावांत बसून एकच पाढा म्हणतोय, हे मला आवडलं.

सकाळचा तपकिरी पंपही बंद केला. दमाच नाही तर तो कशाला ओढायचा? चाळीस वर्षं ओढला, पुरे झालं.

थोडी दमले. बाकी पुढच्या वेळी.

आत्या

शेवट : ४.५०
(सांगणाऱ्यांना वाचायला दिले. बरोबर आहे असे सांगितले.)


१६ ऑगस्ट

ती. आत्या,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या फाटकाशी येऊन रडले. मला ते काहीच आठवत नव्हतं. कमरेची मिठी मात्र आठवली.

आणि तू मोजतेस, हे वाचून तर मला हवेत चालल्यासारखं वाटलं. मला वाटायचं हे फक्त माझ्यासारख्या भित्र्यांना होतं. तेहेतीस वर्षं नोकरी केलेल्या, कोणाच्या बापाला न भिणाऱ्या माझ्या आत्याला होऊ शकतं, तर मग माझं काय बिघडलं? सोडू नकोस, मोजत राहा. सहा जमलं की सात करून बघ.

इथे पुस्तकं निघाली एकदाची, चार दिवस उशिरानं. मालकांना मी आधीच जाऊन सांगितलं की दहा तारीख होणार नाही, चौदा होईल. सांगताना बोटांना मुंग्या आल्या. त्यांच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत मी मनात मोजत होते. ते म्हणाले, आधी सांगितलंत ते बरं केलंत. एवढंच. यासाठी मी महिनाभर मरत होते.

खळकाकांनाही सगळं सांगितलं. ते म्हणाले, त्यांच्या बायकोला व्हायचं तसं, आणि ते तिला खळ ढवळायला द्यायचे. एका लयीत ढवळलं की श्वास जागेवर यायचा. आता खोलीत माझं तोंड जरा पांढरं पडलं की ते न बोलता काठी माझ्या हातात देतात. महिनाभराच्या नळीच्या आकड्यांत एकदाही घसरण नाही, म्हणजे धूळ निर्दोष सुटली.

टायपिस्टबाईंना नमस्कार सांग. पुढच्या कामाची घाई आहे, म्हणून आवरते.

तुझी,
घुबड


२७ ऑगस्ट
सुरुवात : दुपारी ४.००

चि. घुबडा,

आशीर्वाद. तुझ्या मालकांचं वाचून बरं वाटलं.

माझं मन फार कच्चं झालंय. सहा जमत नाही. चारलाच संपतं.

(४.१२ ते ४.२४ सांगणे थांबले.)

आता खुर्चीतच झोपते. आडवं होववत नाही. शिट्टी नाही, तेव्हा काळजी नको. तूच म्हणालीस.

(४.३१ ते ४.४६ सांगणे थांबले. ही नोंद घालू नये असे सांगणाऱ्यांनी सांगितले. हरकतीसह नोंद ठेवली.)

पंप तुझ्याकडेच राहू दे.

आत्या

शेवट : ४.५५
(सांगणाऱ्यांना वाचायला दिले. मान हलवली.)


१ सप्टेंबर

सविनय नमस्कार.

आपण एव्हाना गाडीत असाल आणि हे पत्र आपल्याला परत घरी गेल्यावर मिळेल. तरी पाठवत आहे, कारण फोनवर बोललेलं राहत नाही आणि कालच्या दिवसाची नोंद कोणीतरी ठेवायला हवी. हे पत्र माझं स्वतःचं आहे. एकतीस वर्षांत असं टाइप केलेलं हे पहिलंच, त्यामुळे काही चुकलं तर सांभाळून घ्या.

काल सकाळी ८.४० ला आपला फोन आला. आपण एकच प्रश्न विचारलात. आत्यांच्या छातीत शिट्टीचा आवाज येतो का?

मी म्हटलं, येतो. चार आठवडे होत आले. पत्र घेताना मशीनच्या खडखडाटातूनही येतो. मी पुढे म्हटलं, पण आज सकाळपासून येत नाहीये, तेव्हा आता बरं वाटत असावं. त्यावर आपण म्हणालात, "बाई, आत्ताच्या आत्ता त्यांना दवाखान्यात न्या. चप्पल घालायलाही थांबू नका."

मी थांबले नाही. दोघी अनवाणीच गेलो. गाडीत त्या मला एक एक शब्द करून सांगत होत्या की हे मनाचं आहे, उगाच खर्च नको. ओठ निळसर दिसत होते. डॉक्टरांनी पाठ ऐकली आणि लगेच तोंडावर वाफेच्या औषधाचा मुखवटा चढवला. मी त्यांना आवाज बंद झाल्याचं सांगितलं, चांगली बातमी म्हणून. ते म्हणाले, शिट्टी वाजायलाही हवा लागते, ती आत जाईनाशी झाली होती. आणखी उशीर करायला नको होता.

कधीपासून त्रास आहे, असं त्यांनी विचारलं. आत्यांना बोलता येत नव्हतं. माझ्या पिशवीत सगळ्या पत्रांच्या कार्बन प्रती होत्या. त्या मी पुढे केल्या. जुलैत दोन पानं पंचवीस मिनिटांत, ऑगस्टच्या शेवटी दहा ओळी पंचावन्न मिनिटांत. डॉक्टरांनी वेळा वाचल्या आणि म्हणाले, याहून चांगला केसपेपर मी पाहिला नाही.

मला ते कौतुक घेववत नाही. मी जवळजवळ चार आठवडे तो आवाज ऐकत होते. आत्यांना ऐकू येत नाही हेही मला माहीत होतं, मीच दाराखालून वर्तमानपत्र सरकवते. त्यांनी माझ्याकडून 'शिट्टी मुळीच नाही' असं लिहून घेतलं, आणि समोर शिट्टी वाजत असताना मी ते टाइप केलं. कोर्टात आम्ही साक्षीदार बोलेल तेवढंच लिहायचो. टायपिस्टला काय ऐकू येतं हे कोणी विचारत नाही. ती सवय मी इथेही सोडली नाही. मला माफ करा.

आणखी एक. त्यांच्याकडे जास्तीचा निळा पंप नव्हता. एकच होता. तो आपल्याला पाठवला. मी तेही टाइप केलं.

आपली,
वरच्या मजल्यावरची शेजारीण


१९ सप्टेंबर

ती. आत्या,

काल पोचले. घरात शिरताच टायपिस्टबाईंचं पत्र दाराशी पडलेलं सापडलं. सोळा दिवस तुझ्या उशाशी बसून जे बोलता आलं नाही, ते आता लिहिते. समोर असताना मोठ्यानं ओरडून सांगावं लागतं, आणि माफी ओरडून मागता येत नाही गं.

ती खूण माझी होती, डॉक्टरबाईंची नाही. त्या म्हणाल्या होत्या, शिट्टी बहुतेक वेळा असते, पण नसली म्हणून स्वतः निकाल लावू नका, तपासून घ्या. मी ते 'बहुतेक' आणि पुढचं सगळं गाळलं, कारण मला सुटसुटीत वाक्य हवं होतं. आणि ते मी कोणाला लिहिलं? ज्या बाईला किटलीची शिट्टी ऐकू येत नाही तिला. तुझं पत्र माझ्या समोर होतं, तू त्यात सरळ लिहिलं होतंस. मी वाचलं आणि मला माझ्यापुरतं काय आनंदाचं आहे तेवढंच उचललं. माझ्यासारखंच कोणालातरी होतंय, हे मला इतकं हवं होतं की ते तुला होतंय याचं मला काही वाटलं नाही.

कळलं तेही हातांना कळलं, डोक्याला नाही. तुझी पत्रं शिवून ठेवायला घेतली होती. आमच्याकडे फर्मे, म्हणजे घडी घातलेले छापील कागद, क्रमानं लावताना आकडे खाली-वर आहेत का ते बघायची सवय असते. पत्रं एकाखाली एक ठेवली आणि माझी नजर वेळांवर गेली. पानं कमी होत होती आणि वेळ वाढत होता. हातातली सुई ठेवून मी टायपिस्टबाईंना फोन लावला.

गाडीत मला झटका आला. आजवरचा सगळ्यांत मोठा. पण आत्या, मी त्याला ओळखलं. मनात म्हटलं, हा माझा आहे, हा दहा मिनिटांत उतरेल. तिचा तसा उतरणार नाही. आणि मोजत बसले. शेजारच्या आजोबांनी विचारलं, देवाचं नाव घेताय का. मी हो म्हटलं.

पहिल्या रात्रीनंतर सकाळी मी तुझ्या पाठीला कान लावला होता, तुला आठवतंय का? तू झोपेत होतीस. आत बारीक शिट्टी वाजत होती. नर्स म्हणाली, हवा जायला लागली. मी तशीच कान लावून बसले. इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

आता नियम. निळा पंप तुझ्या टेबलावर ठेवून आलेय, दुसरा कपाटात आहे. तपकिरी रोज सकाळी, बरं वाटत असलं तरी. नळीत दोनदा फुंकायचं, आकडा टायपिस्टबाई लिहितील, दोनशेच्या खाली गेला की थेट दवाखाना. कान वापरायचेच नाहीत. आणि पुन्हा स्वतःकडची शेवटची गोष्ट मला पाठवून 'जास्तीची आहे' म्हणू नकोस.

रागव माझ्यावर. तुझ्या रागाशिवाय मला चैन पडणार नाही.

तुझी,
घुबड


३० सप्टेंबर
सुरुवात : दुपारी ४.०५

चि. घुबडा,

आशीर्वाद, आणि तू मागितलास म्हणून राग. घे, झाला. आता ऐक.

सगळं स्वतःच्या डोक्यावर घेऊ नकोस. ती तुझी जुनी खोड आहे, त्यानंच तर श्वास अडतो तुझा. तू खूण लिहिलीस, पण मी ती आनंदानं उचलली. का उचलली ते कोणाला सांगितलं नाही, टायपिस्टबाईंना आत्ता पहिल्यांदाच कळतंय.

मी सतरा वर्षांची असल्यापासून दमेकरी आहे. लग्न ठरेना ते त्यामुळे, सहलीला कोणी नेईना ते त्यामुळे. तुला लहानपणी खांद्यावर बसवून पळवायची फार हौस होती, तेही जमलं नाही. आणि सदुसष्टाव्या वर्षी तुझं पत्र येतं की शिट्टी नसली तर दमा नाही. मी ऐकलं, शिट्टी नाही. मला वाटलं, गेला. आपोआप गेला. मी ज्या दिवशी तपकिरी पंप बंद केला त्या दिवशी गच्चीवर जाऊन उभी राहिले होते, कोणाला न सांगता. पायऱ्या चढताना धाप लागली तर म्हटलं, मन कच्चं आहे. मन कच्चं असणं मला चालणार होतं. तुझ्यासारखं असणं तर फारच चालणार होतं.

आणि माझी किटली मला ऐकू येत नाही हे मला माहीत नव्हतं असं नाही. मला त्या वेळी ते आठवायचं नव्हतं.

डॉक्टर परवा म्हणाले, दमाही आहे आणि घाबरणंही आहे, दोन्ही एका छातीत राहू शकतात, एकमेकांना चिथवतात. श्वास अडला की आधी पंप, मग नळी, मग मोजणं. म्हणजे बघ, थोडंसं तुझं मला मिळालंच. मी खूश आहे.

खळकाकांना माझा नमस्कार. बाहीवरची खळ कोमट पाण्यानं जाते. पुढच्या वेळी येशील तेव्हा पाठीला कान लावायचा असेल तर मी जागी असताना लाव. मलाही कळू दे की कोणीतरी ऐकतंय.

तुझी आत्या

शेवट : ४.२६
(सांगणाऱ्यांना वाचायला दिले. बरोबर आहे असे सांगितले.
सांगणे एकदाही थांबले नाही. नळीचा आकडा तीनशे दहा. छातीत आवाज नाही, मी जवळ जाऊन ऐकले.
हे कोणी विचारले नव्हते, तरी लिहिले.)